अमेरिकेतला ‘मोफत सरकारी फोन’: लाइफलाइन योजनेबद्दल मराठी घरांतून नेहमी येणारे प्रश्न

अमेरिकेतल्या मराठी व्हॉट्सॲप गटांवर अधूनमधून एक फॉरवर्ड फिरतो: ‘६५ वर्षांवरील सर्वांना सरकारकडून मोफत आयफोन, लगेच अर्ज करा.’ त्यात खरं इतकंच की कमी उत्पन्नाच्या घरांना फोनसाठी मदत देणारी एक जुनी सरकारी योजना अमेरिकेत आहे. तिचं नाव लाइफलाइन. वयाचा तिच्याशी काही संबंध नाही आणि आयफोनचा तर नाहीच. खालची उत्तरं मुख्यतः इथे राहणाऱ्या मराठी कुटुंबांसाठी आहेत. मुलांकडे कायमचे राहायला आलेले आई-वडील, तुटपुंज्या पगारावर घर चालवणारे, नोकरी गेलेले, किंवा अशांचे फॉर्म भरून देणारे शेजारी, असे सगळे यात आले. डॉलरचे आकडे २०२५ सालचे आहेत.

लाइफलाइन म्हणजे नेमकं काय?

फोनच्या किंवा इंटरनेटच्या मासिक बिलात मिळणारी सवलत. ती थेट तुमच्या हातात येत नाही. तुम्ही निवडलेल्या कंपनीला सरकारी निधीतून दरमहा ९.२५ डॉलर मिळतात आणि कंपनी तेवढं बिल कमी करते. नुसतीच बोलण्याची सेवा घेतली, इंटरनेट नाही, तर सवलत ५.२५ डॉलरच. मूळनिवासी जमातींच्या राखीव भूमीवर राहणाऱ्यांना ३४.२५ डॉलरपर्यंत मिळू शकतात.

ही सवलत मोबाईल, घरचा इंटरनेट किंवा लँडलाइन यांपैकी एकाच सेवेवर घेता येते.

मग फोन मोफत मिळतो की नाही?

बहुतेक वेळा मिळतो, पण तो सरकार देत नाही. लाइफलाइनचा पैसा सेवेसाठी आहे, हँडसेटसाठी नाही. काही मोबाईल कंपन्या ९.२५ डॉलरच्या अनुदानात बसेल एवढाच छोटा प्लॅन बनवतात, म्हणून ग्राहकाला बिल शून्य येतं. ग्राहक मिळावा म्हणून त्या स्वतःच्या खिशातून एखादा साधा अँड्रॉइड फोन देतात. कधी नवा, कधी दुरुस्त केलेला जुना. काही कंपन्या फक्त सिमकार्ड देतात आणि फोन तुमचा वापरा म्हणतात.

घरात मुलाचा जुना पण चांगला फोन पडून असेल तर माझं मत स्पष्ट आहे: फुकटच्या हँडसेटच्या नादी लागू नका, सिमच घ्या. फुकट फोनांची बॅटरी आणि साठवण इतकी बेताची असते की व्हॉट्सॲपवरचे चार महिन्यांचे सुप्रभात संदेश साठले की तो आचके द्यायला लागतो.

याला ‘ओबामा फोन’ म्हणतात ना?

लोक म्हणतात, पण योजना सुरू झाली १९८५ मध्ये, रेगन अध्यक्ष असताना. आदल्या वर्षी एटी अँड टी या फोन कंपनीची मक्तेदारी मोडली होती आणि स्थानिक फोनचे दर वाढून गरीब घरांतले फोन बंद पडतील अशी भीती होती. मोबाईल आला बुशच्या काळात. २००५ मध्ये, कॅटरिना वादळाच्या सुमारास, प्रीपेड मोबाईल कंपन्यांना या योजनेत शिरायला वाट मिळाली आणि २००८ पासून ट्रॅकफोन या प्रीपेड कंपनीची सेफलिंक ही सेवा सुरू झाली. ग्राहकांचा आकडा ओबामांच्या काळात फुगला, म्हणून नाव त्यांना चिकटलं.

पैसे कुणाच्या खिशातून जातात? आपल्या करातून?

आयकरातून नाही. फोन कंपन्यांच्या आंतरराज्य आणि आंतरराष्ट्रीय कमाईतला ठरावीक टक्का ‘युनिव्हर्सल सर्व्हिस फंड’ नावाच्या निधीत जातो. २०२५ मध्ये हा टक्का ३६ किंवा त्याहून वरच होता. कंपन्या तो ग्राहकांकडून वसूल करतात. तुमच्या फोनबिलात तळाशी याच नावाची एक ओळ दिसेल. ही वसुली घटनाबाह्य आहे असा दावा सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता. जून २०२५ मध्ये न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी निधी कायम ठेवला.

पात्र कोण?

दोन वाटा आहेत. त्यांपैकी एक पुरे.

पहिली वाट ठरावीक सरकारी मदतीची. तुम्हाला किंवा तुमच्या घरातल्या कुणाला स्नॅप म्हणजे फूड स्टँप (किराण्यासाठीची मदत), मेडिकेड (कमी उत्पन्नाच्या लोकांचा सरकारी आरोग्य विमा), एसएसआय (गरीब ज्येष्ठांना आणि अपंगांना मिळणारी रोख मदत), सरकारी घरभाड्याची मदत (सेक्शन ८ धरून) किंवा माजी सैनिकांची गरजेवर आधारित पेन्शन मिळत असेल तर पात्रता झाली. जमातींच्या भूमीवर राहणाऱ्यांसाठी आणखी काही योजना चालतात.

दुसरी वाट उत्पन्नाची. घराचं एकूण वार्षिक उत्पन्न केंद्रीय दारिद्र्यरेषेच्या १३५ टक्क्यांच्या आत हवं. २०२५ च्या आकड्यांनुसार एकट्या माणसाला साधारण २१,१२८ डॉलर, दोघांच्या घराला २८,५५३, तिघांना ३५,९७८ आणि चौघांना ४३,४०३. अलास्का आणि हवाईत मर्यादा जास्त. हे आकडे दरवर्षी बदलतात.

मेडिकेअर, म्हणजे ज्येष्ठांचा सरकारी आरोग्य विमा, या यादीत नाही. दर तीन अर्जांमागे एक इथे अडखळतो असं वाटावं इतकी ही गफलत सार्वत्रिक आहे. मेडिकेअर वयामुळे मिळतं, मेडिकेड उत्पन्नामुळे. लाइफलाइनला या दोघांपैकी मेडिकेडच चालतं. ‘विक’ ही आई-बाळांची पोषण योजना आणि शाळेतलं मोफत जेवण यांवरूनही लाइफलाइन मिळत नाही.

माझ्या कार्डावर ‘मेडिकेड’ हा शब्दच नाही. मग?

राज्याराज्यात नाव वेगळं. कॅलिफोर्नियात ते मेडी-कॅल, मॅसॅच्युसेट्समध्ये मासहेल्थ, न्यू जर्सीत एनजे फॅमिलीकेअर. कॅलिफोर्नियात स्नॅपला कॅलफ्रेश म्हणतात. न्यू जर्सीवाल्यांनी जरा जपून: फॅमिलीकेअर याच नावाखाली मेडिकेडही येतं आणि मुलांच्या आरोग्य विम्याची चिप योजनाही. केवळ चिप असेल तर या वाटेनं पात्रता होत नाही. मंजुरीपत्र काढून नीट वाचा.

भारतातली पेन्शन, एफडीचं व्याज, पुण्यातल्या फ्लॅटचं भाडं हे धरायचं का?

हो. नियमातली उत्पन्नाची व्याख्या अमेरिकी आयकर कायद्यातल्या ढोबळ उत्पन्नाची आहे. पैसा कुठल्या देशातून येतो हे ती बघत नाही. पण घाबरू नका. दरमहा ६०,००० रुपये पेन्शन म्हणजे वर्षाला ७ लाख २० हजार रुपये, डॉलरला ८५ रुपये धरले तर साधारण साडेआठ हजार डॉलर. दोघांच्या २८,५५३ च्या मर्यादेत हे सहज बसतं.

दुसरी दिलाशाची गोष्ट: लाइफलाइनमध्ये मालमत्ता मोजत नाहीत. बँकेत किती शिल्लक आहे, गावाकडे किती एकर शेत आहे, हे कुणी विचारत नाही. वर्षात आत काय आलं तेवढंच बघतात.

आई-बाबा ग्रीन कार्डवर आमच्याकडे राहतात. त्यांना स्वतःचं उत्पन्न जवळपास नाही. मिळेल?

हा सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न, आणि याचं उत्तर लोकांना आवडत नाही.

लाइफलाइन माणसाला मिळत नाही, घराला मिळते. एका घराला एकच. ‘घर’ म्हणजे एका छपराखाली राहणारी माणसं नव्हे, तर एकत्र राहून कमाई आणि खर्च वाटून घेणारी माणसं. आपल्याकडच्या रेशन कार्डाच्या भाषेत सांगायचं तर चूल एक की दोन, हा खरा सवाल. नियमात याबद्दल एक स्पष्ट वाक्य आहे: ज्या प्रौढ माणसाला उत्पन्न नाही किंवा नगण्य आहे आणि जो आपल्याला पोसणाऱ्या माणसाबरोबर राहतो, ते दोघे एकाच घरातले धरायचे.

म्हणजे मुलगा-सून आयटीत आहेत, आई-बाबा त्यांच्याच घरात राहतात, किराणा, औषधं, विमा सगळं मुलगा भरतो. या घराचं उत्पन्न म्हणजे सगळ्यांचं मिळून. उत्पन्नाच्या वाटेनं आई-बाबा पात्र नाहीत. ‘त्यांच्या नावावर तर शून्य आहे’ हा युक्तिवाद चालत नाही, कितीही खरा असला तरी.

आता दुसरी बाजू. आईला स्वतःच्या नावावर मेडिकेड मिळत असेल तर लाइफलाइनची पात्रता पहिल्या वाटेनं होते आणि तिथे मुलाचा पगार आड येत नाही. फक्त त्या घरात आधीच कुणाची लाइफलाइन चालू नसावी.

तिसरी शक्यता म्हणजे आई-बाबा वेगळे राहतात. अनेक ज्येष्ठ मंडळी नागरिकत्व घेतल्यावर कमी उत्पन्नाच्या ज्येष्ठांसाठीच्या इमारतींत भाड्यानं जागा घेतात. तिथे त्यांची चूल वेगळीच असते. घर केंद्र सरकारच्या भाडेमदतीवर असेल तर तेवढ्यावरच काम होतं. मुलगा दहा मिनिटांवर राहतो आणि शनिवारी डबा आणतो, याने काही बिघडत नाही.

आम्ही चौघं एकाच घरात खोल्या भाड्यानं घेऊन राहतो. पत्ता एकच आहे.

चालतं. प्रत्येकाचा पैसा वेगळा, जेवण वेगळं, भाडं ज्याचं त्यानं, तर ती वेगळी घरं आहेत. अर्जात त्या पत्त्यावर आधीच एक लाइफलाइन दिसली तर ‘हाउसहोल्ड वर्कशीट’ नावाचा छोटा फॉर्म भरायला सांगतात. प्रश्न सरळ आहेत: इथे आणखी प्रौढ राहतात का, त्यांच्यात लाइफलाइन कुणाला आहे का, तुम्ही त्यांच्याशी कमाई आणि खर्च वाटून घेता का. नवरा-बायकोनी मात्र ‘आमचे खर्च वेगळे’ असं लिहू नये. पोस्ट बॉक्स हा राहण्याचा पत्ता म्हणून चालत नाही.

लाइफलाइन घेतली तर ग्रीन कार्डला किंवा नागरिकत्वाला धोका?

लोक ‘पब्लिक चार्ज’ या नियमाला, म्हणजे सरकारी मदतीवर विसंबून राहील अशा माणसाला ग्रीन कार्ड नाकारता येतं त्या नियमाला, घाबरतात, आणि ती भीती अगदी हवेतली नाही. डिसेंबर २०२२ पासून लागू झालेल्या नियमात दोन गोष्टी मोजायच्या ठरल्या: गुजराणीसाठी मिळणारी रोख सरकारी मदत आणि सरकारी खर्चानं संस्थेत दीर्घकाळ राहणं. फोनबिलाची सवलत यांपैकी कशातच बसत नाही. पण हा नियम प्रत्येक सरकार आपापल्या परीनं फिरवत आलं आहे. तुमचा अर्ज सध्या इमिग्रेशनकडे पडून असेल तर महिन्याच्या नऊ डॉलरसाठी आधी वकिलाशी बोला. तो तासाचे पैसे घेईल हे मान्य.

याच्याशी जोडलेला एक मुद्दा मुलांना ठाऊक नसतो. आई-वडिलांना स्पॉन्सर करताना तुम्ही जे हमीपत्र लिहून दिलं, त्यानुसार त्यांनी स्नॅप, मेडिकेड, एसएसआयसारखी मदत घेतली तर सरकार तुमच्याकडून वसुली मागू शकतं. शिवाय नव्या ग्रीन कार्डधारकांना या मदतीसाठी सहसा पाच वर्षं थांबावं लागतं. त्यामुळे ‘आधी मेडिकेड काढू, मग फोन काढू’ असा बेत असेल तर त्याची किंमत फोनपेक्षा कितीतरी मोठी पडू शकते.

मी एफ-१ विद्यार्थी आहे. माझी बायको एफ-२ वर, म्हणजे विद्यार्थ्याच्या जोडीदाराच्या व्हिसावर आहे.

अर्जात सोशल सिक्युरिटी नंबरचे (अमेरिकेतल्या सरकारी ओळख क्रमांकाचे) शेवटचे चार आकडे मागतात. एफ-२ वर काम करायची परवानगी नसते, त्यामुळे सहसा तो नंबरच नसतो. विद्यार्थ्यांनी हे ध्यानात ठेवावं: शिकायला येताना आपल्याजवळ पुरेसा पैसा आहे असं तुम्ही कागदोपत्री दाखवलेलं असतं. अशा वेळी गरिबांच्या योजनेत नाव घालण्यापेक्षा चौघांनी मिळून एक फॅमिली प्लॅन घेतला तर डोक्याला ताप कमी.

भेटीला आलेल्या, व्हिजिटर व्हिसावरच्या आई-वडिलांसाठी ही योजना नाहीच.

अर्ज कसा करायचा?

लाइफलाइनसपोर्ट डॉट ऑर्ग ही अधिकृत साइट. योजना एफसीसी या दूरसंचार आयोगाची, आणि रोजचा कारभार यूसॅक नावाची ना-नफा संस्था बघते. साइटवरचा ‘नॅशनल व्हेरिफायर’ आधी सरकारी नोंदींत तुमचं नाव शोधतो. स्नॅप किंवा मेडिकेडच्या यादीत सापडलं तर काही मिनिटांत काम होतं. नाही सापडलं तर कागद मागतो. संगणक जमत नसेल तर छापील अर्ज टपालानंही पाठवता येतो. मदतीचा क्रमांक १-८००-२३४-९४७३. कुठल्याही टप्प्यावर शुल्क नाही.

पात्रता मंजूर झाली की ९० दिवसांत कंपनी निवडून नाव नोंदवायचं. तेवढ्यात नाही केलं तर पुन्हा पहिल्यापासून. कॅलिफोर्नियाची स्वतःची ‘कॅलिफोर्निया लाइफलाइन’ आहे, ती तिथल्या पब्लिक युटिलिटीज कमिशनकडे येते आणि राज्य वरून आपली भर घालतं. तिथल्या मंडळींनी आधी राज्याची साइट बघावी.

कागद कोणते?

मदतीच्या वाटेनं जात असाल तर मंजुरीपत्र किंवा लाभाचं पत्र. त्यावर तुमचं नाव, योजनेचं नाव आणि गेल्या बारा महिन्यांतली तारीख हवी. उत्पन्नाच्या वाटेनं जात असाल तर मागच्या वर्षीचं टॅक्स रिटर्न, किंवा सलग तीन महिन्यांच्या पगाराच्या पावत्या, किंवा सोशल सिक्युरिटीचं पत्र. एकच पावती जोडून लोक पाठवतात आणि अर्ज परत येतो. ओळखीसाठी ड्रायव्हिंग लायसन्स, पासपोर्ट, ग्रीन कार्ड.

सगळं बरोबर भरलं, तरी ‘ओळख पटली नाही’ असं येतं.

मराठी नावांचं हे जुनं दुखणं. समजा बाईंचं नाव सुनीता वसंत देशमुख. पासपोर्टवर ‘सुनीता वसंत’ हे पहिलं नाव झालेलं असतं. सोशल सिक्युरिटी कार्डावर वसंत मधलं नाव असतं. मेडिकेडवर कुणीतरी वसंत गाळलेलं असतं, आणि बँकेत माहेरचं आडनाव अजून जिवंत असतं. माणसाला कळतं की ही एकच बाई आहे, संगणकाला नाही.

अर्जात सोशल सिक्युरिटी कार्डावर जसं नाव आहे तसंच अक्षर न अक्षर लिहा. जन्मतारीखही तपासा. शाळेच्या दाखल्यावरची १ जून आणि खरी तारीख असा घोळ अनेक ज्येष्ठांच्या कागदांत आहे, आणि भारतीय पद्धतीनं आधी दिवस मग महिना लिहिला की ५ मार्चचा ३ मे होतो. एवढं करूनही अडलं तर ओळखीचा कागद अपलोड करून माणसाकडून तपासणी मागता येते. कार्डांवरची नावंच एकसारखी करून घेणं हा कायमचा उपाय, पण तो फोनच्या कामाहून मोठा उद्योग आहे.

कंपनी कोणती घ्यावी?

राज्य आणि पिनकोडप्रमाणे यादी बदलते, अधिकृत साइटवर ती मिळते. बऱ्याच ठिकाणी दिसणारी दोन नावं म्हणजे सेफलिंक, जी २०२१ पासून व्हेरायझनच्या मालकीची आहे, आणि टी-मोबाईलची अश्युरन्स वायरलेस. निवडताना फुकट हँडसेटचं चित्र बघू नका. तुमच्या स्वयंपाकघरात, तुमच्या बेसमेंटमध्ये कुठल्या कंपनीचं नेटवर्क येतं ते बघा. शेजाऱ्याला विचारलं तरी कळतं.

पटलं नाही तर लाइफलाइन दुसऱ्या कंपनीकडे नेता येते. जुना नंबरही नेता येतो, आणि तो न्यावाच. बँकेचे, डॉक्टरचे, सोशल सिक्युरिटीच्या खात्याचे सगळे ओटीपी त्या नंबरला बांधलेले असतात.

किती बोलता येतं? भारतात फोन लागतो का?

मोबाईल योजनेचं किमान प्रमाण बोलण्यासाठी महिन्याला १,००० मिनिटं आणि इंटरनेटसाठी ४.५ जीबी असं ठरलेलं आहे. बरेच प्लॅन बोलणं अमर्याद देतात. ही मिनिटं अमेरिकेतल्या अमेरिकेत बोलायची, असं धरून चाला. भारतासाठी व्हॉट्सॲप आहेच, पण नातवाचं बारसं व्हिडिओवर बघायचं असेल तर घरच्या किंवा लायब्ररीच्या वायफायवर बघा. तेवढ्यात महिन्याचा डेटा संपायला वेळ लागत नाही.

आम्ही हिवाळ्यात चार महिने भारतात जातो. फोन चालू राहील?

बहुधा नाही. ज्या सेवेचं मासिक बिल शून्य आहे ती ३० दिवसांत निदान एकदा वापरली पाहिजे. एक फोन, एक मेसेज, थोडा डेटा, काहीही चालतं. नाही वापरली तर कंपनी १५ दिवसांची सूचना देते आणि मग सेवा बंद करते. सूचना त्याच फोनवर येते, जो तुम्ही न्यू जर्सीतल्या कपाटात बंद करून ठेवला आहे.

‘सून अधूनमधून एक मेसेज करेल’ ही युक्ती फार चालते. करू नका. लाइफलाइन ज्याच्या नावावर आहे त्यानंच वापरायची असते, आणि वापराचा हिशेब हा गंमतीचा भाग नाही. क्यू लिंक वायरलेस या मोठ्या लाइफलाइन कंपनीनं न वापरणाऱ्या ग्राहकांचा वापर दाखवून सरकारकडून पैसे उकळले. ऑक्टोबर २०२४ मध्ये कंपनीनं आणि तिच्या प्रमुखानं न्यायालयात गुन्हा कबूल केला. तो घोटाळा १० कोटी डॉलरहून मोठा होता.

लांबचा दौरा असेल तर सरळ मार्ग हा: जाण्याआधी नंबर एखाद्या स्वस्त प्रीपेड प्लॅनवर हलवा, लाइफलाइन बंद करा आणि परत आल्यावर नवा अर्ज करा. पात्रता असेल तर पुन्हा मिळते.

एकदा मिळाली की कायम?

नाही, दरवर्षी फेरतपासणी असते. नोंदींतून आपोआप झाली तर तुम्हाला फक्त कळवतात. नाही झाली तर पत्र येतं आणि ६० दिवसांत उत्तर द्यावं लागतं. ते पत्र जाहिरातीसारखं दिसतं, म्हणून पिझ्झाच्या कूपनांबरोबर कचऱ्यात जातं. नोकरी लागली, मेडिकेड बंद झालं, तर ३० दिवसांत स्वतःहून कंपनीला कळवायचं.

दरमहा ३० डॉलर मिळायचे ती योजना कुठे गेली?

ती वेगळी होती: अफोर्डेबल कनेक्टिव्हिटी प्रोग्राम. २०२१ च्या अखेरीस सुरू झाली, २ कोटी ३० लाखांच्या आसपास घरं तिच्यात होती. अमेरिकी संसदेनं पुन्हा पैसे दिले नाहीत आणि १ जून २०२४ ला ती संपली. तिच्या नावानं आजही कुणी अर्ज मागत असेल तर तो भामटा आहे.

दुकानाबाहेर टेबल मांडून ‘फ्री टॅब्लेट’ देणारे खरे असतात का?

काही खरे, काही नाही. खऱ्या कंपनीचा प्रतिनिधीही तुमचा सोशल सिक्युरिटी नंबर रस्त्यावर, अनोळखी माणसाच्या टॅबमध्ये टाकायला सांगतो, हीच मला न पटणारी गोष्ट. घरी बसून अधिकृत साइटवर अर्ज करा. तुम्हाला न विचारता कुणीतरी तुमच्या नावावर लाइफलाइन काढली असेल तर वरच्या मदत क्रमांकावर कळवून ती बंद करून घ्या. नाहीतर तुमचा खरा अर्ज ‘आधीच मिळते’ म्हणून नाकारला जाईल.

अर्जावरची सही शपथेवर असते. खोटं लिहिलं तर सवलत जाते, दंड होऊ शकतो आणि तुरुंगही.

माझा फोन नवऱ्याच्या प्लॅनवर आहे आणि घरात मला धोका आहे.

तुमच्यासाठी २०२२ चा सेफ कनेक्शन्स ॲक्ट आहे. घरगुती हिंसा सोसणारी व्यक्ती आपली, आणि आपल्या ताब्यातल्या मुलांची, लाइन सामायिक प्लॅनमधून वेगळी करून मागू शकते. मुख्य खातेदाराची परवानगी लागत नाही. कंपनीला हे काम कामकाजाच्या दोन दिवसांत करावं लागतं, त्यासाठी शुल्क किंवा दंड लावता येत नाही. पोलिसांचा अहवाल, न्यायालयाचा आदेश, किंवा डॉक्टर, समाजसेविका, मदत संस्था यांचं पत्र यांपैकी एक पुरावा लागतो. लाइन वेगळी मागितली आणि पैशांची अडचण असेल तर सहा महिन्यांपर्यंत लाइफलाइनची आपत्कालीन सवलत मिळते. इथे उत्पन्नाची मर्यादा जास्त, दारिद्र्यरेषेच्या २०० टक्के. मदतीच्या हेल्पलाइनला केलेले फोन ग्राहकाला दिसणाऱ्या यादीतून वगळण्याचाही नियम आहे.

राष्ट्रीय हेल्पलाइनचा क्रमांक १-८००-७९९-७२३३. न्यू जर्सीत १९८५ पासून दक्षिण आशियाई स्त्रियांसाठी काम करणारी मानवी ही संस्था आहे. पहिला फोन शक्यतो मैत्रिणीच्या किंवा लायब्ररीच्या फोनवरून करा.

आम्ही पात्र नाही. मग स्वस्तात काय?

मुलाच्या फॅमिली प्लॅनवर आणखी एक लाइन बहुतेकदा सगळ्यात स्वस्त पडते. नाहीतर मोठ्या कंपन्यांच्या टॉवरवर चालणाऱ्या छोट्या प्रीपेड कंपन्या. काही कंपन्यांचे ५५ वर्षांवरील ग्राहकांसाठी वेगळे प्लॅन आहेत, तेही विचारा.

आणि हे भेटीला आलेल्या आई-बाबांनाही सांगून ठेवा: अमेरिकेत चालू प्लॅन नसलेल्या मोबाईलवरूनही ९११ हा आपत्कालीन क्रमांक लागतो. फक्त कॉल तुटला तर ९११ वाले उलट फोन करू शकत नाहीत, म्हणून आधी पत्ता सांगायचा.

महाराष्ट्रात आमच्या बहिणीला अशी योजना मिळेल का?

लाइफलाइनसारखी, फोनबिलात दरमहा सवलत देणारी योजना भारतात नाही. निधी आहे. कंपन्यांच्या महसुलातला हिस्सा पूर्वी यूएसओ फंडात जायचा, आता त्याचं नाव डिजिटल भारत निधी. पण तो टॉवर आणि केबल यांसाठी खर्च होतो, कुणा एकाच्या बिलासाठी नाही. फोनवाटप झालं ते राज्यांचं: छत्तीसगडनं २०१८ मध्ये, राजस्थाननं ऑगस्ट २०२३ पासून महिलांना स्मार्टफोन दिले. महाराष्ट्रात पोषण अभियानात अंगणवाडी सेविकांना मोबाईल मिळाले, पण कामासाठी, आणि २०२१ मध्ये निकृष्ट म्हणून अनेकींनी ते परत केले. ‘मोफत मोबाईल, फक्त आधार आणि ओटीपी पाठवा’ असा मेसेज बहिणीला आला असेल तर तिला आजच फोन करून सांगा की ओटीपी कुणाला देऊ नकोस.

कंपनी ऐकतच नाही. तक्रार कुठे?

पात्रतेचा वाद असेल तर यूसॅककडे. सेवा, बिल, हँडसेट, नंबर न सोडणं अशा बाबतीत एफसीसीच्या ग्राहक तक्रार केंद्रात ऑनलाइन तक्रार करा. ती फुकट आहे आणि कंपनीला ३० दिवसांत लेखी उत्तर द्यावं लागतं. तक्रारीत तारखा, बोलणाऱ्याचं नाव आणि तिकीट क्रमांक लिहा. राग लिहू नका.